लांडग्याची बोटं: तुर्कांचा 'बोझकुर्त' नेमका कुणाचा?

2 जुलै 2024, जर्मनीतलं लाइपझिग. युरो कपच्या सामन्यात तुर्कस्तानच्या मेरिह देमिरालने ऑस्ट्रियावर आपला दुसरा गोल केला आणि प्रेक्षकांकडे वळून दोन्ही हात वर धरले. मधली दोन बोटं अंगठ्याला टेकलेली, तर्जनी आणि करंगळी ताठ. ताठ बोटं म्हणजे कान, पुढे आलेलं टोक म्हणजे नाक. लांडगा.

सामना तुर्कस्तानने 2-1 जिंकला, पण दुसऱ्या दिवशी चर्चा गोलांची नव्हती, बोटांची होती. जर्मनीच्या गृहमंत्री नॅन्सी फेझर यांनी जाहीर निषेध केला. तुर्कस्तानने जर्मन राजदूताला बोलावून जाब विचारला, मग जर्मनीने तुर्की राजदूताला. युरोपच्या फुटबॉल महासंघाने, म्हणजे युएफाने, देमिरालवर दोन सामन्यांची बंदी घातली. त्यामुळे 6 जुलैला बर्लिनमध्ये नेदरलँड्सविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात तो नव्हता. राष्ट्राध्यक्ष एर्दोगान मात्र मुद्दाम आले होते आणि स्टँडमधले तुर्की प्रेक्षक हात उंचावून तीच खूण करत होते. तुर्कस्तान तो सामना हरला.

आपल्याकडे ही बातमी वाचणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो की यात एवढं काय आहे? भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलीला तर ही बोटं रोजच्या सरावातली वाटतील. सिंहमुख हस्तमुद्रा जवळपास अशीच असते. देमिराल म्हणाला, मला तुर्क असल्याचा अभिमान आहे, तेवढंच मला दाखवायचं होतं. जर्मनीच्या मंत्री म्हणाल्या, ही अतिउजव्यांची खूण आहे. माझ्या मते दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. ते कसं, हे समजायला लांडग्याचा माग जरा लांबून काढावा लागतो.

## आधी दोन शब्द

'तुर्क' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आजचा तुर्कस्तान येतो. पण तुर्की ही एका मोठ्या भाषाकुळातली एक भाषा आहे. मराठी, कोंकणी, बंगाली, पंजाबी या जशा एकमेकींच्या बहिणी, तशा तुर्की, अझरबैजानी, उझबेक, कझाख, किर्गीझ, उइघुर या बहिणी. या सगळ्या कुळाला 'तुर्किक' म्हणतात. हे कुळ मंगोलिया आणि अल्ताय पर्वताच्या बाजूचं. आजच्या तुर्कस्तानात, म्हणजे अनातोलियात, त्याचं बस्तान मुख्यतः 11 व्या शतकापासून बसलं. म्हणजे लांडग्याच्या मूळ कथा आजच्या तुर्कस्तानात घडतच नाहीत. त्या हजारो किलोमीटर पूर्वेला घडतात.

दुसरा शब्द 'बोझकुर्त'. बोझ म्हणजे करडा, कुर्त म्हणजे लांडगा. जुन्या तुर्किक भाषेत लांडग्याला 'बोरी' म्हणत, आणि कथांमधला लांडगा 'कोक बोरी' असतो. 'कोक' म्हणजे आभाळ, आणि आभाळाचा निळसर करडा रंगही. तुर्कांचा जुना देव तेंग्री हा आभाळाचाच देव, त्यामुळे आभाळाच्या रंगाचा लांडगा म्हणजे देवाकडून आलेला लांडगा, असं ऐकणाऱ्याला आपोआप उमगायचं.

## मेंढपाळाचा लांडगा

मग 'बोरी' जाऊन 'कुर्त' कुठून आला? कुर्त या शब्दाचा दुसरा अर्थ किडा, अळी. आजही तुर्कीत सफरचंदात कुर्त निघतो. अनेक अभ्यासकांचं म्हणणं असं की लांडग्याचं खरं नाव घेतलं तर तो येईल, या भीतीने लोकांनी त्याला भलत्याच नावाने हाक मारली.

हे मराठी माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. आपल्या गावांत रात्री सापाचं नाव घेत नाहीत. 'लांबडं' म्हणतात, 'जनावर' म्हणतात. अनातोलियातले मेंढपाळ लांडग्याला काय म्हणतात? 'जानावार'. शब्द तोच, फारसीतून त्यांच्याकडे गेलेला आणि आपल्याकडेही आलेला. एकाच शब्दाच्या आड आपण साप लपवला, त्यांनी लांडगा.

अनातोलियाच्या खेड्यांत एक प्रथा आहे, 'लांडग्याचं तोंड बांधणं'. गाय किंवा मेंढी संध्याकाळी परतली नाही की जाणता माणूस दुआ पुटपुटत चाकूचं पातं मिटतो. ते पातं मिटलेलं आहे तोवर रानात लांडग्याचा जबडा उघडणार नाही, अशी श्रद्धा. जनावर सापडलं की पातं उघडायचं, कारण बिचाऱ्या लांडग्यालाही उपाशी ठेवायचं नाही. सिवास भागातल्या कांगाल जातीच्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचे पट्टे असतात, तेही लांडग्याने नरडं धरू नये म्हणून. आणि याच लोकांच्या जुन्या देदे कोर्कुतच्या कथांत एक वाक्य येतं: लांडग्याचं तोंड दिसणं शुभ.

शत्रूही तोच, शकुनही तोच. कळपावर जगणाऱ्या माणसाला लांडग्याचं शिकारकौशल्य जवळून दिसतं. तो वाट बघतो, टोळीने घेरतो, दमवतो आणि मग तुटून पडतो. मराठीत 'लांडगेतोड' हा शब्द आला तो हेच पाहून, फक्त आपण त्यात क्रौर्य पाहिलं आणि गवताळ मैदानावरच्या घोडेस्वारांनी त्यात स्वतःची युद्धकला पाहिली.

## दलदलीतला मुलगा

लांडग्याची सर्वांत जुनी तुर्क कथा तुर्कांनी लिहिलेली नाही. ती चिनी दरबाराच्या 7 व्या शतकातल्या बखरींत सापडते.

कथा अशी. एका टोळीची शेजाऱ्यांनी कत्तल केली. दहा वर्षांचा एक मुलगा उरला. लहान पोर म्हणून सैनिकांना त्याला मारवेना, तेव्हा त्यांनी त्याचे पाय तोडून त्याला दलदलीत टाकून दिलं. एक लांडगीण त्याला मांस आणून देऊ लागली. तो वाढला, आणि त्याच्यापासून ती गाभण राहिली. मुलगा जिवंत असल्याचं कळताच शत्रूच्या राजाने त्याचा काटा काढायला पुन्हा माणूस पाठवला. लांडगीण निसटली आणि आजच्या पश्चिम चीनमधल्या तुर्फानच्या उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका गुहेत शिरली. गुहेच्या आत चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेलं, दाट गवताचं मैदान होतं. तिथे तिला दहा मुलगे झाले. त्यांपैकी एकाचं घराणं म्हणजे आशिना.

याच आशिना घराण्याच्या बुमिनने इ.स. 552 मध्ये आपल्यावर राज्य करणाऱ्या रूरान लोकांना हरवलं आणि 'तुर्क' नावाचं पहिलं साम्राज्य उभं केलं. तोवर हे लोक अल्तायमध्ये रूरानांसाठी लोखंड गाळायचं काम करत. चिनी बखरकार सांगतात की तुर्क खाकानाच्या, म्हणजे सम्राटाच्या, निशाणाच्या काठीवर सोन्याचं लांडग्याचं मुंडकं असे, त्याच्या अंगरक्षकांना 'लांडगे' म्हणत, आणि हे सगळं आपलं मूळ विसरायला होऊ नये म्हणून होतं.

इथे एक गोष्ट निसटू देऊ नये. ही एका राजघराण्याची वंशकथा आहे. आपल्याकडे राजे स्वतःला सूर्यवंशी, चंद्रवंशी म्हणवून घेत, म्हणून गावातला प्रत्येक जण सूर्यवंशी होत नसे. आशिनांचा लांडगाही तसाच, गादीवरचा हक्क सांगणारा.

आणि तुर्कांनी स्वतः दगडावर काय कोरलं? मंगोलियातल्या ओर्खोन नदीच्या खोऱ्यात 732 आणि 735 सालचे दोन मोठे शिलालेख आहेत, एक राजपुत्र क्युल तेगिनच्या आणि दुसरा बिल्गे खाकानच्या स्मरणार्थ. त्यांत आरंभाची गोष्ट येते: वर निळं आभाळ आणि खाली काळी माती निर्माण झाली, दोहोंमध्ये माणूस निर्माण झाला, माणसांवर माझे पूर्वज बुमिन आणि इश्तेमी राज्य करू लागले. लांडगीण नाही. लांडगा येतो तो एका उपमेत: तेंग्रीने बळ दिलं म्हणून माझ्या वडिलांचं सैन्य लांडग्यासारखं होतं आणि शत्रू मेंढरांसारखा. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. बाहेरचे लोक ज्या लांडगिणीला तुर्कांची आई म्हणत होते, तिचा तुर्कांच्या या सर्वांत गाजलेल्या लेखांत उल्लेखच नाही.

कथा मात्र अनेक होत्या. 'मंगोलांचा गुप्त इतिहास' या जुन्या ग्रंथाची सुरुवातच करडा लांडगा आणि हरिणी या जोडप्यापासून होते. उइघुर लिपीत लिहिलेल्या, तुर्कांचा दंतकथेतला पूर्वज ओघुझ खान याच्या कथेत पहाटे तंबूत सूर्यासारखा प्रकाशझोत उतरतो, त्यातून आभाळरंगी आयाळीचा लांडगा बाहेर येतो आणि सैन्याच्या पुढे चालू लागतो. तो थांबला की सैन्य थांबतं. इथे लांडगा आई नाही, वाटाड्या आहे.

## मधली काही शतकं तो कुठे होता?

हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, आणि मला वाटतं सगळ्या गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

तुर्क पश्चिमेकडे सरकले, मुसलमान झाले, सेल्जुक आणि मग उस्मानी, म्हणजे ऑटोमन, साम्राज्य उभं राहिलं. उस्मानी सुलतान आपलं कुळ ओघुझ खानापर्यंत नेत, काई टोळीचं नाव सांगत. पण लांडगा त्यांच्या राजचिन्हांत नाही. खेड्यात मेंढपाळाचा लांडगा होता, दरबारात नव्हता. इस्तंबूलच्या सुशिक्षित माणसाला 'तुर्क' हा शब्दसुद्धा 19 व्या शतकापर्यंत अडाणी खेडुताचा वाटे. तो स्वतःला मुसलमान आणि उस्मानी म्हणवून घेई.

लांडगा परत आला तो पॅरिसमार्गे. 1756 ते 1758 या काळात जोसेफ द गिन्य या फ्रेंच विद्वानाने चिनी बखरींच्या आधारे हूण, तुर्क आणि मंगोलांचा इतिहास लिहिला. 1896 मध्ये लेओं काअं याचा आशियाच्या इतिहासावरचा ग्रंथ आला आणि तो इस्तंबूलच्या तरुणांनी भारावून वाचला. ओर्खोनच्या शिलालेखांची लिपी 1893 मध्ये डेन्मार्कच्या विल्हेल्म थॉमसनने उलगडली. साम्राज्य चहूबाजूंनी तुटत होतं, ग्रीक, सर्ब, बल्गेरियन आपापली राष्ट्रं मागत होते, आणि तुर्कांच्या हाती इस्लामपूर्व काळातला स्वतःचा एक वैभवशाली इतिहास येऊन पडला.

झिया ग्योकाल्प (1876-1924) याने त्या इतिहासाला काव्य दिलं. त्याने 'एर्गेनेकोन' ही कथा घराघरांत पोचवली: पराभूत तुर्क डोंगरांनी वेढलेल्या दरीत शतकानुशतकं अडकून पडतात, शेवटी एक लोहार लोखंडाचा डोंगर वितळवतो आणि करडा लांडगा त्यांना बाहेरची वाट दाखवतो. हरलेल्या राष्ट्राला याहून चांगली गोष्ट कोणती मिळणार? पण 14 व्या शतकाच्या सुरुवातीला इराणचा इतिहासकार रशीदुद्दीन याने ही कथा लिहिली तेव्हा ती मंगोलांची होती. त्यात सत्तर भाते लावून डोंगर वितळवतात, पण वाट दाखवणारा लांडगा नाही. आशिनांची गुहा, मंगोलांची दरी आणि ओघुझाचा वाटाड्या हे तीन धागे एकत्र विणले गेले. लांडगिणीचं 'असेना' हे नावही असंच अलीकडचं, 'आशिना'वरून घेतलेलं. चिनी बखरीत तिला नाव नाही.

## नोटेवर, तिकिटावर, बोटीवर

1923 मध्ये मुस्तफा कमाल अतातुर्क यांनी प्रजासत्ताक स्थापन केलं. खिलाफत बरखास्त करायची, धर्म बाजूला ठेवायचा, मग लोकांना बांधणारं चिन्ह कोणतं? 1926 च्या टपाल तिकिटांवर पौराणिक लोहार आणि त्याचा लांडगा आले. 1927 मध्ये प्रजासत्ताकाच्या पहिल्या नोटा निघाल्या. त्यांतल्या 5 लिरांच्या नोटेवर मधोमध लांडगा आहे. तेव्हा लॅटिन लिपी स्वीकारलेली नव्हती, त्यामुळे अक्षरं अरबी वळणाची आणि जोडीला फ्रेंच मजकूर. नोट छापली ब्रिटनमध्ये. मंगोलियाच्या मैदानातला लांडगा, अरबी लिपी, फ्रेंच भाषा, ब्रिटिश छापखाना. एका कागदात तो सगळा काळ मावलाय.

भारतातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी हा लांडगा आणखी एका ठिकाणी पाहिलेला असतो, बहुधा लक्षात न येता. 2 ऑगस्ट 1926 च्या रात्री एजियन समुद्रात 'लोटस' ही फ्रेंच बोट एका तुर्की कोळसावाहू बोटीवर आदळली. तुर्की बोट बुडाली, आठ जण गेले. बुडालेल्या बोटीचं नाव 'बोझकुर्त'. फ्रेंच अधिकाऱ्यावर तुर्कस्तानला खटला चालवता येतो का, हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने 7 सप्टेंबर 1927 रोजी तुर्कस्तान जिंकला. बाजू मांडणारे न्यायमंत्री महमुत एसात यांनी 1934 च्या आडनाव कायद्यानंतर आडनाव घेतलं, बोझकुर्त.

म्हणजे तेव्हा लांडगा सरकारी होता, सगळ्यांचा होता. पण 1937 पासून निघालेल्या नोटांच्या नव्या मालिकेत तो उरला नाही. राष्ट्राचा चेहरा आता खुद्द अतातुर्क होते. रिकामा झालेला लांडगा दुसऱ्यांनी उचलला.

## पक्षाचा लांडगा

1930 आणि 40 च्या दशकांत निहाल अत्सिझसारख्या लेखकांनी वंशशुद्धीची भाषा बोलणारा, सगळ्या तुर्किक लोकांचं एक राज्य मागणारा राष्ट्रवाद मांडला. त्यांच्या लेखनात लांडगा जागोजागी आहे. 1944 मध्ये सरकारने या गटावर खटला भरला. आरोपींत एक तरुण लष्करी अधिकारी होता, अल्पार्सलान तुर्केश.

तुर्केशने 1965 मध्ये एक पक्ष हाती घेतला आणि 1969 मध्ये त्याचं नाव राष्ट्रवादी चळवळ पक्ष, म्हणजे एमएचपी केलं. पक्षाच्या झेंड्यासाठी लांडगा की उस्मानी तीन चंद्रकोरी, यावर जोरदार वाद झाला. चंद्रकोरी जिंकल्या, लांडगा तरुणांच्या संघटनेकडे गेला. या तरुणांना 'उल्कुजू' म्हणतात, म्हणजे ध्येयवादी, आणि त्यांच्या शाखांना 'ध्येयाच्या चुली'. बाहेरचं जग त्यांना 'करडे लांडगे' म्हणतं.

1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात तुर्कस्तानच्या रस्त्यांवर डावे आणि उजवे एकमेकांना मारत होते. सुमारे पाच हजार माणसं गेली. डिसेंबर 1978 मध्ये माराश शहरात अलेवी पंथाच्या शंभराहून अधिक लोकांची कत्तल झाली, त्यांत बाया आणि मुलंही होती. हल्लेखोरांत या चळवळीची माणसं होती. 13 मे 1981 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडणारा मेहमत अली अग्जा याच वर्तुळातून आलेला. अलेवी, कुर्द, आर्मेनियन आणि डाव्या घरांमध्ये लांडगा म्हटलं की आशिनाची लांडगीण आठवत नाही. ते हल्ले आणि ती कत्तल आठवते.

## 'पण ही तर हजारो वर्षांची खूण आहे ना?'

लांडगा जुना आहे, बोटांची खूण नाही. ती लोकप्रिय झाली 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून, तुर्केशच्या सभांमधून. सोव्हिएत संघ कोसळला होता, अझरबैजान आणि मध्य आशिया मोकळे झाले होते, आणि तुर्किक एकतेचं स्वप्न पुन्हा जागं झालं होतं. जुन्या चित्रांत आणि मूर्तींत अशीच बोटं दिसतात, असा पुरावा समाजमाध्यमांवर नेहमी फिरतो. पण बौद्ध मूर्तींमधली करण मुद्रा जवळपास अशीच असते, आणि आपली सिंहमुख मुद्राही. बोटांचा आकार सारखा असला म्हणून अर्थ सारखा होत नाही.

## 'म्हणजे ही खूण करणारा प्रत्येक जण अतिरेकी?'

नाही. हे ठामपणे म्हणायला हवं. 2018 पासून एमएचपी एर्दोगान यांच्या पक्षाची निवडणुकीतली साथीदार आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये मेर्सिनच्या सभेत खुद्द एर्दोगान यांनी ही खूण केली. लग्नात, मिरवणुकीत, फुटबॉल सामन्यात ती करणारे कितीतरी तरुण कुठल्याही संघटनेत नसतात. जर्मनीत तुर्की वंशाचे सुमारे 30 लाख लोक राहतात. तिथली गुप्तचर यंत्रणा उल्कुजू चळवळीत सुमारे 12 हजार माणसं मोजते. ज्याला आयुष्यभर 'तू इथला नाहीस' असं ऐकावं लागलं, त्या पोराला लांडगा हा कुणापुढे न झुकणारा पूर्वज वाटला तर ते मला समजू शकतं.

पण त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर कुर्द कुटुंब राहत असतं. बर्लिन, कोलोन, व्हिएन्नामध्ये हे रोजचं आहे. खूण करणाऱ्याच्या मनात काय आहे, हे जिन्यात समोर आलेल्या माणसाला कळत नाही. त्याला फक्त बोटं दिसतात.

## 'मग बंदी घालून प्रश्न सुटतो का?'

देशांची उत्तरं वेगवेगळी आहेत. ऑस्ट्रियाने 2019 पासून ही खूण कायद्याने बंद केली. दंड 4,000 युरोपर्यंत. फ्रान्सने 4 नोव्हेंबर 2020 रोजी 'करडे लांडगे' या गटावर बंदी घातली. त्याआधी काही दिवस ल्योंजवळच्या आर्मेनियन वंशसंहाराच्या स्मारकावर याच गटाचं नाव रंगवलेलं आढळलं होतं. जर्मनीत मात्र खुणेवर बंदी नाही. म्हणून देमिरालला शिक्षा झाली ती युएफाच्या नियमांखाली, जर्मन कायद्याखाली नाही.

मला स्वतःला बंदीची अडचण दिसते. संघटनेला कार्यालय असतं, पैसा असतो, नेते असतात, तिच्यावर कारवाई करता येते. बोटांचं काय करणार? देमिरालवर बंदी आली आणि पुढच्या सामन्यात ती खूण हजारो हातांवर गेली. बर्लिनमध्ये पोलिसांनी चाहत्यांची मिरवणूक याच कारणाने थांबवली, तरी आत स्टेडियममध्ये हात वर झालेच.

जर्मनीच्या बालवाड्यांत ही अडचण फार लहान रूपात दिसते. तिथे बाई वर्गाला गप्प करायला हात वर करतात: मधली दोन बोटं अंगठ्याला टेकलेली, तर्जनी आणि करंगळी ताठ. त्याला 'गप्प कोल्हा' म्हणतात. कान उघडे, तोंड बंद. पोरंही हात वर करून कोल्हा करतात आणि वर्ग हळूहळू शांत होतो. काही ठिकाणी आता शाळांना ही खूण टाळायला सांगितलं आहे, आणि बाई टाळी किंवा छोटी घंटा वापरू लागल्या आहेत.